वरचा घोट

गुरुवार म्हणजे आमच्या पट्ट्यातला रविवार. पिंपरी, भोसरी, चाकण, सगळीकडे कंपन्यांना गुरुवारची सुट्टी. इतकी वर्षं झाली तरी माझ्या बीडच्या बहिणीच्या डोक्यात हे शिरत नाही. ती रविवारी फोन करते, मी शिफ्टमध्ये असते, आणि मग ती रुसते. रुसू दे. माझे गुरुवार ठरलेले आहेत. सकाळी धुणं, दुपारी झोप आणि चार वाजता रहाटणीहून काळेवाडीला, चाचांकडे.

चाचा माझे नात्याचे कुणी नव्हेत. ते माझे उस्ताद. आयटीआयला मी फ्रिज-एसीचा ट्रेड घेतला तेव्हा वर्गात मी एकटी मुलगी. पास झाले, काम शोधत फिरले, तर जो तो दुकानदार मला वरपासून खालपर्यंत बघायचा आणि विचारायचा, "सिलिंडर कोण उचलणार?" अरे, घरी पाण्याचे हंडे कोण उचलतं, तुझा बाप? हे मी मनात म्हणायचे. चाचांच्या दुकानात मात्र तोंडातून निघून गेलं. ते इतके हसले, इतके हसले की बशीतला चहा सदऱ्यावर सांडला. "उद्यापासून ये," म्हणाले. "जबान चालते तर हात पण चालेल."

दुकान कसलं, पत्र्याचं खोपटं. एका बाजूला ग्रिलवाला, दुसऱ्या बाजूला गाड्यांचे डेंट काढणारा. दिवसभर नुसती ठोकाठोक, स्वतःचं बोलणं स्वतःला ऐकू येईना. म्हणून चाचांनी मला कॉम्प्रेसर कानाने शिकवलाच नाही, हाताने शिकवला. कॉम्प्रेसर म्हणजे फ्रिजच्या मागे खाली बसलेला तो काळा डबा. तो गॅस दाबतो आणि गारवा सगळा त्याच्या जिवावर चालतो. चाचा त्यावर डावा तळवा ठेवून डोळे मिटायचे आणि उजव्या हाताच्या बोटांनी तोच ठेका माझ्या तळहातावर वाजवायचे. टक टक टक टक. "ही तब्येत चांगली." मग पुढच्या फ्रिजपाशी जायचे. टक टक ठक्. "हा ठक् लक्षात ठेव बेटा. हा आला की समज, आत काहीतरी चुकलंय."

गॅस भरणं सगळं अंदाजाने. गॅस कॉम्प्रेसरकडे परत आणणाऱ्या नळीवर घाम आला की पुरे. पण एवढ्यावर चाचांचं समाधान होत नसे. नळी काढायच्या आधी ते सिलिंडरचा कॉक आणखी इतकासा फिरवायचे आणि म्हणायचे, "आणि हा वरचा घोट, गिऱ्हाइकाच्या नावाचा." दूधवाला माप भरल्यावर वर थोडं ओततो ना, तसं. मे महिन्यात कुणाच्या घरचा बर्फ वितळू नये, एवढीच त्यामागची भावना. महिन्याभरात तो घोट माझ्या हातात असा बसला की विचारू नका.

गळती शोधायला एक दिवा असायचा. गॅस निसटत असेल तिथे त्याची ज्योत हिरवी व्हायची. काय सुंदर हिरवी! त्या ज्योतीसाठी मी उगाचच दोन-दोन वेळा तपासायचे. आणि जुना गॅस काढायचा असला की नळीचं तोंड रस्त्याकडे करायचं आणि सोडून द्यायचा. फुस्स. आज आठवलं की लाज वाटते. वर आभाळात त्या गॅसने ओझोनची चाळण होते हे तेव्हा आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. सांगितल्यावरही काही वर्षं आम्ही कानाडोळा केला, खोटं कशाला बोलू?

पुढे मी चाकणच्या एका कंपनीत मेंटेनन्सला लागले आणि तिथेच मुरले. आमच्याकडे लोखंडी सुटे भाग धुवायला गरम पाणी लागतं आणि मशीनचं तेल गार ठेवायला थंड पाणी लागतं. थंड पाण्यासाठी एक जुना चिलर, त्यात तोच घातक जातीचा गॅस, दर उन्हाळ्यात गळणारा. गरम पाण्यासाठी वेगळे हीटर. म्हणजे एकीकडे उष्णता बाहेर फेकायची आणि दुसरीकडे वीज जाळून नवी करायची. वर्षभर मी साहेबांच्या मागे भुणभुण लावली, की हीट पंप घ्या. फ्रिजच्या मागची जाळी गरम लागते ना? तीच उष्णता वाया न घालवता पाण्याला द्यायची. एकच यंत्र एका अंगाने गार करतं, दुसऱ्या अंगाने तापवतं. आणि आत प्रोपेन, म्हणजे स्वयंपाकाच्या गॅसचाच भाऊ. तो आभाळाचं वाकडं करत नाही. पेट घेतो मात्र. म्हणून तो लागतो थोडा, घालायचा मोजून, आणि माझ्या त्या हिरव्या ज्योतीला कायमची सुट्टी. आता साबणाचा फेस लावायचा आणि बुडबुडा येतो का बघायचं.

शेवटी साहेब वैतागून म्हणाले, "आणतो मॅडम तुमचं यंत्र. पण चाचणीत जुन्या जोडीपेक्षा मीटर कमी फिरलं नाही तर शुक्रवारी परत पाठवणार." मी म्हटलं, "चालवून दाखवते."

यंत्र आलं ते वाटेतल्या खड्ड्यांनी एक जोड ढिला करून. जोड नवा केला, आतली हवा ओढून घेतली आणि सोमवारी मी स्वतः काट्यावर मोजून प्रोपेन भरला. आकडा तक्त्यावर लिहिला, खाली सही केली. आणि मंगळवारी कपाळाला हात लावायची पाळी! मीटर जुन्याइतकंच फिरतंय. मध्येच दाब चढून यंत्र बंद पडतंय. पंखे पुसले, पाण्याची जाळी धुतली, यंत्र बनवणाऱ्या कंपनीच्या माणसाला फोनवर पिडलं. बुधवारी संध्याकाळी साहेब नुसते घड्याळाकडे बघून गेले.

यंत्र परत गेलं असतं तर तो गळका चिलर पुन्हा दहा वर्षं आमच्या गळ्यात. आणि मला उरलेली नोकरीभर ऐकावं लागलं असतं, "बाईचं ऐकलं आणि फसलो." रडू यायचं बाकी होतं. खरं तर आलंच, कंपनीच्या बसमध्ये, तोंडाला ओढणी लावून.

गुरुवारी चाचांकडे गेले. चाचांना आता ऐकू येत नाही. जन्मभर कॉम्प्रेसरच्या कुशीत बसल्यावर कान राहणार आहेत थोडेच? कानाचं यंत्र आहे, ते खिशात असतं. भाभी, म्हणजे त्यांची सून, म्हणाली, "घालायला सांगून सांगून थकले मी." माझा चेहरा बघून चाचांनी काही न विचारता डावा हात पुढे केला. मी त्यावर आमच्या यंत्राचा ठेका वाजवला. दोन दिवस तळवा ठेवून ठेवून तो मला पाठ झाला होता. टक टक टक ठक्. टक टक टक ठक्.

त्यांनी डोळे मिटले. पुन्हा वाजवायला लावलं. मग म्हणाले, "पोट फुगलंय तिचं. जास्त जेवलीय."

मी कानाशी ओरडले, "मोजून भरलाय, चाचा! काट्यावर!"

"कागदावरचा झाला. त्याच्या वर?"

मग मला आठवलं. आकडा लिहून झाला होता, काटा बंद केला होता, आणि नळी काढायच्या आधी माझ्या हाताने कॉक इतकासा फिरवला होता. डोक्याला न विचारता, हाताने परस्पर. जुनी थोराड यंत्रं तेवढं पचवायची. या यंत्रात सगळंच तोलून-मापून, त्याला एक घोटही जड.

"वरचा घोट," मी म्हटलं. ओरडले नव्हते, तरी त्यांना ओठांवरून कळलं.

चाचा स्वतःच्या उजव्या हाताकडे बघत बसले. मला स्वतःचाच राग आला. कशाला आले मी इथे, म्हाताऱ्या माणसाच्या चांगुलपणाला चूक ठरवायला? मी म्हटलं, "तुमची सगळी मशीनं चालली, चाचा." त्यांनी मान हलवली आणि म्हणाले, "काढून टाक माझा घोट. आणि हवेत सोडू नको."

शुक्रवारी सकाळी सगळा प्रोपेन रिकाम्या बाटलीत ओढून घेतला आणि पुन्हा भरला, लिहिलं होतं तेवढाच. आकडा पुरा झाल्यावर उजवा हात चक्क पाठीमागे धरून उभी राहिले. शिफ्टमधला जोडीदार हसला, म्हणाला, "ताई, शाळेत शिक्षा झालीय का?" मी म्हटलं, "व्हय, आत्ता झाली." दुपारपर्यंत यंत्र एकदाही अडखळलं नाही. संध्याकाळी साहेबांनी दोन्ही मीटरचे आकडे शेजारी-शेजारी लिहिले, नवा कमी होता, चांगलाच कमी होता. "राहू द्या इथेच," ते म्हणाले. मी मुद्दाम हसले नाही. बाथरूममध्ये जाऊन हसले.

पुढच्या गुरुवारी चाचांनी मी चप्पल काढायच्या आतच हात पुढे केला. मी वाजवत राहिले. टक टक टक टक. टक टक टक टक. ते डोळे मिटून ठक्‌ची वाट बघत होते. तो आलाच नाही. मग त्यांनी मूठ मिटली. माझी बोटं आतच राहिली, ती त्यांनी सोडली नाहीत. तसेच भाभीला हाक मारून म्हणाले, "चहा टाक. माझ्या पोरीला कपभरच दे, वर नको."