उंबऱ्याच्या आतली सँडल

माझी नोकरी खादाड पेशींकडे बघत बसण्याची. शरीरभर मुक्काम ठोकून जंतू गिळणाऱ्या या पेशींशी मी नवी मुंबईतल्या एका प्रयोगशाळेत सहा वर्षं संसार करते आहे. त्यांची गंमत अशी, की त्या जिथे राहतात तिथल्या होतात. कडक प्लास्टिकवर ठेवल्या की भांडखोर, मऊ जेलीवर ठेवल्या की बऱ्यापैकी निवांत. पेशी त्याच, फक्त जागा वेगळी. परिषदांमध्ये मी यावर ठणकावून बोलते. घरी मात्र कोणी विचारलंच तर “लॅबमध्ये असते” म्हणून मोकळी व्हायचे. आमचं घर पनवेलच्या कोळीवाड्यात, बाबांची खाडीत छोटी होडी. त्यांना पेशी काय सांगायच्या, असं मला वाटायचं. शिकलेल्या माणसाला असा माज चढतो. मलाही चढला होता.

गेल्या वर्षी बाबांच्या उजव्या पायाच्या अंगठ्याच्या बुडाशी शिंपला रुतला. साखरेचा आजार जुना, तळव्याला जाणीव उरलेली नाही. आयने लादीवरचे रक्ताचे डाग बघून आरडाओरडा केला तेव्हा त्यांना कळलं. दोन महिने झाले तरी जखम भरेना. साखर आटोक्यात, गोळ्या वेळेवर, ड्रेसिंग दिवसाआड, तरीही जखम होती तशीच. शेवटी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “महिनाभरात फरक पडला नाही, तर अंगठा काढायचा विचार करावा लागेल.”

अंगठा गेला की हलत्या होडीत पाय रोवून जाळं फेकणं संपलं. रिक्षात बाबा एवढंच म्हणाले, “मंग होडी इकून टाकू.” त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता.

डॉक्टरीणबाईंनी त्यांना एक खास सँडल दिली होती. अंगठ्याखाली पोकळ, म्हणजे चालताना जखमेवर भार नको. “घालता ना?” त्या दर वेळी विचारायच्या. “घालतो की,” बाबा सांगायचे. आणि ते खोटं नव्हतं.

त्या रविवारी मी घरीच होते. बाबा नाक्यावरून पेपर घेऊन आले, सँडल पायरीवर नीट जोडीने काढून ठेवली आणि अनवाणी आत आले. मग पाण्याच्या माठाकडे गेले. मग भरती बघायला खिडकीशी, मग रिमोट शोधत घरभर. मी पावलं मोजायला लागले आणि शंभराच्या पुढे मोजणं सोडून दिलं. होडी बंद असल्यामुळे त्यांचं सगळं चालणं घरातच होतं, आणि घरात चप्पल घालायची नाही हे आमच्याकडे कोणी शिकवावं लागत नाही. माझा स्वतःवरच संताप झाला. रोज संध्याकाळी माझ्या चपलांना जागा करायला त्यांची ती सँडल मीच तर बाजूला सरकवत होते.

“बाबा, तुमच्या जखमेत माझ्या पेशी आहेत,” मी म्हणाले.

“तुज्या?”

“मी ज्यांचा अभ्यास करते त्या. आधी त्या जंतूंशी मारामारी करतात, मग नवं मांस भरायच्या कामाला लागतात. पण लादीवर पावलागणिक दणका बसला, की त्यांना वाटतं मारामारी चालूच आहे. मग त्या तिथेच अडकतात.”

बाबांनी विचार केला. “म्हंजे होडी हालती हाय तवर जाला शिवता येत नाय, तसा.”

“अगदी तसंच.”

स्वयंपाकघरातून आय कडाडली, “चप्पल घरात? देव हायत घरात.” बाबाही लगेच तिच्या बाजूला गेले. देवासमोर चप्पल घालण्यापेक्षा अंगठा गेलेला बरा, इथपर्यंत गाडी गेली. मी चिडून जेवलेच नाही.

दुसऱ्या दिवशी आयनेच मला फक्त घरात घालायला तशीच नवी कोरी जोडी आणायला पाठवलं. नव्या जाळ्याला लावतात तसं तिने सँडलला हळदकुंकू लावलं आणि देव्हाऱ्याकडे बघून म्हणाली, “ही चप्पल नाय, अवशद हाय.” पट्टे तिनेच बांधले. त्यानंतर घरात पोलीस चौकीच बसली. बाबांचा उघडा पाय लादीला लागला रे लागला, की मासे साफ करता करता तिला आवाजावरून कळायचं.

तीन आठवड्यांत जखमेत लालसर, ताजं मांस दिसू लागलं. त्यापुढच्या दोन आठवड्यांत कातडी मिटली. “अंगठा राहिला तुमचा,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “पण सँडल कायमची, घरातसुद्धा.” मला तिथेच रडू आलं. बाबा पाय वळवून वळवून बघत बसले होते.

परतताना रिक्षात त्यांनी विचारलं,

“तुला ह्या समदा ठाव होता?”

“हो.”

“मंग आमाला कदी सांगला का नाय?”

तुम्हाला कळणार नाही असं वाटलं, हे खरं उत्तर होतं. मी वाकून त्यांच्या सँडलचा पट्टा उगाच नीट केला. बाबांनीच माझी सुटका केली.

“बरा, डोक्यात बी हायत का त्या पेशी?”

“आहेत.”

“तितं काय करतान?”

मी सांगायला लागले. कोळीवाड्याच्या वळणावर रिक्षा थांबली, मी पर्स उघडली. बाबा जागचे हलले नाहीत. “आदी पुरा सांग,” ते म्हणाले.