परतीचा दोरा

अक्का कुठलीही वस्तू आधी उलटी करून बघायच्या. साडी, उशीचा अभ्रा, शेजारणीनं कौतुकानं दाखवलेला रुमाल, काहीही. समोरून ती कितीही देखणी असो, मागे गाठी दिसल्या की "बरं आहे" म्हणून परत देऊन टाकायच्या. त्यांच्या भाच्यानं बेंगळूरहून कॉम्प्युटर आणला त्या दिवशी आम्ही सगळे पडद्याकडे बघत होतो, आणि अक्का टेबलामागे जाऊन वायरींचा गुंता न्याहाळत होत्या. "मागं हे असं, मग पुढं काय नीट होणार?" म्हणाल्या. त्यांचं म्हणणं किती खरं होतं, ते पुढची कैक वर्षं मी भोगलं.

धारवाडला सप्तापुरात त्यांच्या घराच्या पुढच्या खोलीत कसूतीच्या भरतकामाचा व्याप होता. शाळेत शिवण शिकवून निवृत्त झालेल्या अक्का नक्षी काढून द्यायच्या आणि आसपासच्या, अगदी कलघटगीच्यासुद्धा बायका घरी बसून ती साड्यांवर भरायच्या. हुबळीच्या केशवापुरातून मी रोज बसनं यायचे, ती नक्षी कॉम्प्युटरवर चौकटीत बसवायला. मला स्वतःला टाका घालता येत नव्हता. पगार माउस धरायचा होता, सुई धरायचा नव्हता.

कसूतीतल्या गवंती टाक्याची रीत अशी, की दोऱ्याला गाठ मारायची नाही. जाताना एक टाका वर, एक खाली. टोकाला पोचलं की त्याच वाटेनं परत येत मधल्या मोकळ्या जागा भरायच्या. वाट बरोबर असेल तर नक्षी दोन्ही बाजूंनी सारखी उमटते. चुकली तर बाई मध्येच अडकते आणि गुपचूप गाठ मारते. आमच्या परदेशी कंपनीच्या प्रोग्रॅमला टाके दाखवता यायचे, वाट दाखवता यायची नाही. म्हणून छापलेल्या प्रत्येक कागदावर अक्का पेन्सिलीनं बाण काढत बसायच्या. त्यात त्यांना काचबिंदू होता. गोपुराची, रथाची, तुळशीवृंदावनाची वाट त्यांच्या एकट्याच्या डोक्यात, आणि नजर दर वर्षी कमी होत चाललेली. डोळे जायच्या आत सगळ्या वाटा कॉम्प्युटरमध्ये घालायच्या, एवढा एकच ध्यास त्यांनी घेतला होता.

"लिही की गं त्या कंपनीला. जातानाची वाट एका रंगात दाखवा म्हणावं, येतानाची दुसऱ्या. एवढं जमत नाही होय त्यांना?"

मी इंग्रजीत ईमेल लिहायचे. उत्तर यायचं: सूचनेबद्दल आभार, पुढे जरूर विचार करू. मग नवी आवृत्ती यायची. तिच्यात फुलपाखरं असायची, टोपी घातलेली अस्वलं असायची, टाके चमचम करताना दाखवायची सोय असायची. वाट नसायची. अक्का पडद्याला नाक लावून ती अस्वलं बघायच्या. "हे कुणी मागितलं होतं यांच्याकडं? सुम्ने." सुम्ने म्हणजे उगीचच. त्या कंपनीला त्यांनी तेच नाव ठेवलं होतं. "सुम्नेवाल्यांचं काय आलं का गं?" असं विचारतच त्या सकाळी दार उघडायच्या.

मग भाच्यानं एक प्लग-इन शोधून काढलं. कंपनीचं नव्हे, बाहेरच्या कुणा माणसानं त्या प्रोग्रॅमला जोडायला केलेलं. त्यात चक्क वाट दाखवता यायची, तांबडी जाण्याची आणि निळी येण्याची. अक्का डोळे मिटून वाट सांगायच्या, मी घालत जायचे. गोपूर झालं, रथ झाला. कलघटगीच्या शांतव्वानं ते कागद बघून, एकदाही विचारायला न येता, अख्खा रथ भरून आणला. अक्कांनी तो उलटा केला, परत सुलटा केला, आणि शांतव्वाला जेवूनच जा म्हणाल्या.

पुढच्या सुट्टीत भाचा आला आणि हौसेनं नवी आवृत्ती घालून गेला. जाताना त्यानं आमच्या सगळ्या फायली तिच्यात नव्यानं साठवूनही ठेवल्या. सोमवारी उघडून बघते तर टाके जागेवर, आणि एकाही फायलीत वाट नाही. जुनी आवृत्ती परत घातली, तर तिला त्या फायली उघडेनात. कंपनी म्हणाली, प्लग-इन आमचं नाही, ज्यानं केलं त्यालाच विचारा. तो म्हणाला, कंपनीनं आतलं सगळं बदललं, त्यांना विचारा. दोघंही मोठे सभ्य. माझं डोकं असं फिरलं, की मी माउस आपटला. अक्कांनी तो चाचपून जागेवर ठेवला. मग म्हणाल्या, "परत सांगितलं असतं गं. पण तू घातलेलं बरोबर आहे का चूक, ते आता मला दिसणार नाही."

तरी ईमेल काही थांबले नाहीत. एकदा कंपनीतल्या कुणी तरी कधी नव्हे ते खरं उत्तर पाठवलं: कापडाची मागची बाजू कोण बघतं, ती सारखी कशाला हवी? मी ते वाचून दाखवलं. अक्कांचा चेहरा उतरला. "त्याला लिही, पदर वाऱ्यानं उलटतो." मग तेवढ्यानं त्याला कळणार नाही म्हणून मला रीतच सविस्तर लिहायला बसवलं. नक्षीत फांदी आली की दोरा आधी कुठं वळतो, ते मला काही केल्या इंग्रजीत मांडता येईना. त्यांनी चाचपडत सुई शोधली आणि माझ्या हातात दिली. "आधी हातानं कर. मग लिही."

पुढे प्रत्येक ईमेलआधी हेच. गोपुराचं लिहायचं तर आधी गोपूर भरायचं. मी वैतागायचे, बस चुकायची, घरी बोलणी खायचे. अक्का सोफ्यावर बसून तोंडानं वाट सांगायच्या आणि माझी सुई अडली की न बघता ओळखायच्या.

कंपनीनं ती सोय अजूनही दिलेली नाही. छापलेल्या कागदांवर बाण आता मी काढते, पेन्सिलीनंच.

अक्का गेल्या त्याच्या आदल्या वर्षी, दिसणं पार संपल्यावर, मी एक अख्खं गोपूर त्यांना न विचारता भरून नेलं होतं. त्यांनी त्यावरून बोटं फिरवली. कापड उलटं केलं, पुन्हा बोटं फिरवली. परत उलटलं. मी "बरं आहे" ऐकायची तयारी ठेवून उभी होते.

"यातली सुलटी बाजू कुठली गं?" त्यांनी विचारलं.

त्यानंतर त्यांनी मला कंपनीला लिहायला कधी सांगितलं नाही.