संध्याकाळच्या पायाचं माप

रघा गेला हे मला लेथवर उभा असताना कळलं. शेजारचा एसटीडीवाला दुकान तसंच टाकून आला आणि दारातूनच म्हणाला, "नाना, रघुनाथभाई गुजरी गया." वारला, म्हणजे. मी मशीन बंद केलं. अर्धवट राहिलेला पार्ट दुसऱ्या कुणीतरी पुरा केला असेल, मी नाही केला. रघा कारखान्यातून घरी आला, हातपाय धुतले, जेवायला वाढ म्हणाला आणि भिंतीला टेकून बसला तो बसलाच... याला आता महिना उलटून गेला. त्याच्याबद्दल लोक काहीबाही सांगतात. मी जे सांगतो ते माझ्या हातून झालेलं आहे, म्हणून ते खरं धरावं.

तो अमळनेरकडचा, मी बुलढाण्याकडचा. इथं गुजराती मुलखात, पांडेसऱ्यात, आमच्या खोल्या एका ओळीत. तो पर्वत पाटियाच्या पलीकडे एका कारखान्यात माग चालवायचा, बारा तासांची पाळी, सगळी उभ्यानं. मी लेथवर मागाचे पार्ट काढायचो. त्यामुळे त्याच्या मागाचा काही पार्ट मोडला की तो मलाच शिव्या द्यायचा, आणि मी त्याच्या हाताला. अशी दोस्ती. शहरात प्लेग आला त्याच्या आदल्या वर्षी बीम, म्हणजे सुतानं भरलेला मागाचा जड रूळ, उचलताना त्याच्या डाव्या गुडघ्यावर पडला. हाड जुळलं, पण गुडघा निम्म्यातच अडकला. पुरता वाकेना. पाळीला तर वेळेवर पोचायलाच हवं, नाहीतर तुझे माग दुसऱ्याला देतो, असं शेठनं सांगून टाकलं. चालत जाणं शक्य नव्हतं. शटल रिक्षावाले त्याला लांबून बघूनच हात हलवायचे. एकानं तर तोंडावर सांगितलं, "काका, तुमचा एक पाय दोन पॅसेंजरची जागा खातो." काम गेलं असतं तर गावी मोठ्या भावाच्या दारात जाऊन बसावं लागलं असतं. रघाला त्याचीच धास्ती. "नाना, भाऊ वाईट नाही," तो म्हणायचा, "पण त्याच्या ताटातलं खाताना मान वर करता येणार नाही."

मी म्हणालो, सायकल करू. करू म्हणालो, घेऊ नाही. बाजारातली सायकल दोन धड पायांसाठी असते. भंगारातून मी दोन फ्रेमी उचलल्या, एक जुनी काळी दणकट, एक लेडीज सायकलची. रघाला दांड्यावरून पाय टाकता येत नव्हता, म्हणून लेडीज बरी, असं मी धरून चाललेलो. तो भडकला. "माले बाईमाणसाची सायकल नको. मागावरचे लोक मला बांगड्या आणून देतील." मग काळीचा वरचा दांडा कापला आणि लेडीजचा खाली झुकलेला दांडा तिथं वेल्डिंग केला. पुढचा चिमटा काळीचा, मागचं चाक तिसऱ्याच कुठल्यातरी सायकलचं. घंटी मी लावणार नव्हतो, त्यानं हट्टानं दोन लावल्या. सुमनवहिनी, म्हणजे त्याची बायको, रोज येता-जाता बघायची आणि विचारायची, "सायकल से का भंगार से?"

खरं काम डाव्या पायडलचं. पायडलचा दांडा आखूड केला की पाय लहान गोल फिरतो, गुडघा कमी वाकला तरी चालतं. हे मला कुणी शिकवलं नाही, रघाला ओट्यावर बसवून, पाय हातात धरून, फिरवून मी ते काढलं. लोखंडाची रुंद पट्टी घेतली, मापाला भोक पाडलं, डाव्या पायडलला लागतात तसे उलटे आटे पाडले. सुट्टीच्या दिवशी सकाळी रघा ओळीपुढच्या रस्त्यावर दोन्ही घंट्या वाजवत चार फेऱ्या मारून आला. मी विडी पेटवली. काम फत्ते.

दुसऱ्या दिवशी गेला झकास. संध्याकाळी मात्र सगळे घरी आले तरी याचा पत्ता नाही. जेवणं उरकली तेव्हा सायकल ढकलत, लंगडत आला. पायडल वर आलं की गुडघा अडकायचा, म्हणे. मी म्हणालो, चेन घट्ट असेल. चेन सैल केली. पुन्हा तेच. बेअरिंग बदललं, सीट वर घेतली. सकाळी चालायची, संध्याकाळी अडायची. रघा चिडून म्हणाला, "नाना, तुझी सायकल एकाच बाजूची आहे. जायला येते, यायला नाही." मी म्हणालो, "तुला चालवता येत नाही!" दोन दिवस आम्ही बोललो नाही. आणि असं ढकलत ढकलत तो किती दिवस निभावणार, हे दोघांनाही दिसत होतं. दमून दुसऱ्या सकाळी उशीर झाला की संपलं.

सोडवलं ते वहिनीनं. गरम पाण्यानं ती त्याचा गुडघा शेकत होती, मी दारात उभा. ती वर न बघताच म्हणाली, "नाना, माप कवा घेतलं तुम्ही?" म्हणालो, सुट्टीला, सकाळी. "मग हा पाय कुणाचा से?" बघितलं तर गुडघा टम्म सुजलेला. दिवसभर मागांमधून उभ्यानं फिरलेला पाय! आम्ही दोघंही जन्मभर उभ्यानं काम केलेली माणसं, दोघांचेही पाय रोज संध्याकाळी सुजायचे, आणि माप घ्यायला सुट्टीची सकाळ निवडली. माप घ्यायला निवांत वेळ हवा ना!

मग मी त्याच पट्टीला आतल्या बाजूला दुसरं भोक पाडलं. बाहेरचं जाण्याचं, आतलं येण्याचं. पाळी सुटली की रघा गेटवर बसायचा, पान्यानं पायडल काढायचा, आतल्या भोकात लावायचा, आणि निघायचा. आधी लोक हसायचे. नंतर कुणीतरी सायकल धरून उभं राहायला लागलं. सायकल झाल्यापासून त्याला कधी उशीर झाला नाही. कुणाच्या दारात बसावं लागलं नाही. तो त्याच्या स्वतःच्या भिंतीला टेकून गेला.

रघाचे दिवस घातले तेव्हा त्याचा भाऊ आला होता. माणूस खरंच वाईट नाही. वहिनीला म्हणाला, चल गावी, दोन भाकरी आहेत. ती मान खाली घालून ऐकत राहिली. तो गेल्यावर माझ्याकडे आली. "नाना, मी गावले जात नई. साड्यांच्या घडीकामाला लागली मी, लांब से. सायकल माझ्या पायाची करून द्या."

मी म्हणालो, "ती मी मोडणार नाही. ती रघाची आहे."

"तुम्ही दोघांनी दोन सायकली कापल्या तवा कोणाले विचारलं होतं?"

"तुला चालवता तरी येते का?"

"शिकसू."

रघाही असाच बोलायचा, पुढं काही म्हणायला जागाच ठेवायचा नाही... मी पान्यानं पायडलची पट्टी उतरवली. ती लगेच ओट्यावर बसून पाय पुढे करायला लागली. मी म्हणालो, "आत्ता नाही, वहिनी. उद्या कामावर जा. बारा तास उभी राहा. सुटलीस की घरी न जाता सरळ इकडे ये."

आली. भेगाळलेल्या टाचांना साड्यांचे धागे चिकटलेले होते, घोटे सुजलेले. मी मापाची पट्टी काढली.