टँकर गेल्यावरची शिट्टी

माझ्या मनात हेवा कधी शिरला ते मला नेमकं सांगता येतं. मी गणिताचा शिक्षक, अंदाजे बोलायची सवय नाही. लातूरच्या आमच्या शाळेत दुपारच्या सुट्टीत शिपायानं एक लिफाफा आणून पीटीच्या सरांच्या हातात दिला. त्यांचा पीएचडीचा विषय विद्यापीठानं मंजूर केला होता. भूकंपानंतरच्या वस्त्यांमध्ये कोण खेळतं, कोण खेळत नाही आणि का, असा तो विषय. स्टाफरूममध्ये हशा पिकला.

“म्हंजे कबड्डीचे डॉक्टर का?” इंग्रजीचे सर म्हणाले. “पोट दुखलं तर तुमच्याकडं यावं का?”

“या की. चार राउंड पळवतो ग्राउंडला. गोळी लागायची न्हाई.”

सगळे हसले. मीही हसलो. पण डबा तसाच घरी नेला.

त्याला कारण होतं. त्याच विद्यापीठाकडे मी दोनदा विषय पाठवला होता, मुलांना अपूर्णांक का जमत नाहीत यावर. दोन्ही वेळा परत आला. आणि हा माणूस मूळचा हदगावकडचा, गळ्यात शिट्टी, पायात कॅनव्हासचे बूट, वर्गात कधी खडू हातात धरला नाही. तसं माझं बरं चाललं होतं. लातूरमध्ये क्लासेसचे दिवस आले होते. माझ्या घरी पहाटे पाचपासून शाळेच्या वेळेपर्यंत तीन बॅच व्हायच्या, दारात चपलांच्या रांगा लागायच्या. आया येऊन सांगायच्या, “सर, तेवढं त्याला ग्राउंडवर जाऊ देऊ नका.” मी संध्याकाळी साडेपाचला सराव परीक्षा ठेवायचो. खेळायची वेळ तीच. शाळेचं मैदान ओस पडलं, त्यात माझा वाटा होता हे मला ठाऊक होतं. तरी ज्याचं मैदान ओस पडलं त्याचाच मला हेवा वाटत होता.

आमची ओळख जुनी. भूकंपानंतर आम्हा दोघांना पत्र्याच्या शेडमधल्या एका शाळेवर पाठवलं होतं. मी लोह्याहून नुकताच नोकरीला लागलेलो. अख्खं गाव पत्र्याच्या आठ रांगांमध्ये येऊन राहिलं होतं. रांगाही जुन्या गावासारख्याच पडल्या होत्या. पुढच्या दोन पाटील-देशमुखांच्या, मग बाकीचे, आणि सातवी-आठवी बौद्ध वाड्याची. वाऱ्यानं पत्रा वाजला तरी पोरं किंचाळत बाहेर पळायची. छपराखाली बसायला कुणी तयार नव्हतं, त्यामुळे मुख्याध्यापकांनी ठरवलं की रोज संध्याकाळी पाचला सगळ्यांना मैदानावर खेळवायचं. वर आभाळ असलं की आयांनाही धीर वाटायचा.

खेळवायचं काम पीटीच्या सरांचं, वहीचं काम माझं. खेळून झाल्यावर प्रत्येकाला शेंगदाण्याचा एक लाडू मिळायचा आणि तो वहीत नाव असेल त्यालाच. सर पांढऱ्या फक्कीनं मैदानाची आखणी करायचे. रेषेच्या आत आलेल्याचं नाव मी लिहायचो. तारीख, वेळ, खेळ, मुलगा की मुलगी, रांग क्रमांक. बाहेर उभ्या असलेल्याचं नाव लिहायचं नाही हा नियम मीच केला होता, कारण लाडूंचा हिशेब जुळला पाहिजे. माझी वही एका लाडवानंही कधी चुकली नाही.

त्या वहीत पहिले चार महिने मुलींचा रकाना जवळजवळ कोरा आहे. सातव्या-आठव्या रांगेचा तर पूर्ण कोरा. मला त्यात काही वावगं दिसलं नाही. येत नाहीत, तर येत नाहीत.

एके दिवशी पाच वाजले तरी सरांनी शिट्टी वाजवली नाही. पोरं रेषेवर थांबून. मी म्हणालो, “सर, पाच झाले की.”

“टँकर हाय अजून.”

“असू द्या की. आपल्याला काय करायचंय टँकरशी?”

त्यांनी हनुवटीनं तिकडे दाखवलं. पाण्याचा टँकर रोज पाचलाच यायचा. पहिल्या रांगेपासून पाणी मिळायचं, त्यामुळे शेवटच्या रांगांचा नंबर लागेपर्यंत पाऊण तास जायचा. घागरी घेऊन उभ्या होत्या त्या सगळ्या रांगांच्या मुली, आणि सातव्या-आठव्या रांगेची झाडून सगळी पोरं. टँकर गेल्यावर सरांनी शिट्टी वाजवली. घागर घरी ठेवून कितीतरी जण ओल्या कपड्यांनी पळत आले. खो-खोचे दोन्ही संघ भरून वर मुलं उरली. लाडू कमी पडले. पहिल्या रांगेतल्या एकाचे वडील येऊन ओरडून गेले की आमचं पोरगं यांच्यात बसवलं कुणाला विचारून. सर म्हणाले, “खो-खोत पाठीला पाठ लावून न्हाई बसत मालक, एकाआड एक तोंड करून बसतेत. एवढ्यानं भागतंय का बघा.” ते गृहस्थ निघून गेले आणि त्यांचं पोरगं खेळत राहिलं.

मला मात्र राग आला तो लाडवांमुळे. वहीच्या पुठ्ठ्यावर मीच वेळ घातली होती, पाच ते सहा. त्या दिवशीच्या पानावर मी लाल शाईनं शेरा मारला: ‘पीटी शिक्षकांच्या मनमानीमुळे खेळ पाऊण तास उशिरा. लाडू अपुरे.’ खाली सही केली. त्यानंतर शिट्टी कायम टँकर गेल्यावरच वाजली.

विषय मंजूर झाल्यानंतर महिन्याभरात सर माझ्या घरी आले. बॅच सुटली होती. बायकोनं चहा ठेवला.

“सर, ती खेळाची वही हाय का हो तुमच्याकडं? मी टँकरवरच एक प्रकरण लिहून राहिलो. मला सगळं आठवतंय, पण आकडा पायजे. आकडा तुमच्याकडंच असणार.”

वही माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत होती. वर्तमानपत्रात गुंडाळलेली, आतून कोरडी ठणठणीत. त्या क्षणी मला दोन गोष्टी कळल्या. एक, तो टँकर मी रोज बघत होतो, त्याच्यामुळे बदललेली खेळाची वेळ माझ्या वहीत होती, आणि हा विषय मला सुचला नाही. दुसरी, मी दिली नाही तर त्यांचं प्रकरण लंगडं राहील.

“भिजली हो,” मी म्हणालो. “मागच्या पावसाळ्यात माळा गळला.”

स्वयंपाकघरात कप आदळल्याचा आवाज आला. बायको चहा घेऊन बाहेर आली, माझ्याकडे न बघता. ते गेल्यावर म्हणाली, “आपला माळा कधी गळला?” मी वर्तमानपत्र उघडलं.

पुढची चार वर्षं सर सुट्टीच्या दिवशी एसटीनं त्या वस्तीवर जात राहिले. खेळलेल्या मुली लग्न होऊन नायगाव, देगलूरकडे गेल्या होत्या, तिकडेही गेले. सोमवारी स्टाफरूममध्ये येऊन सांगायचे. एक बाई म्हणाली, घागर भरताना कमरेला ओढणी घट्ट बांधून ठेवायचे, तेवढाच वेळ वाचावा म्हणून. दुसरी म्हणाली, तिच्या जन्मात तिला ‘आऊट’ म्हणणारं कुणी आहे याचाच तिला आनंद व्हायचा. मी वह्या तपासत ऐकायचो. असं काही माझ्या कुठल्याच रकान्यात मावलं नसतं, आणि ते मला आणखीनच झोंबायचं. वही न देऊनही माणूस अडत नव्हता.

शेवटी नांदेडला त्यांची तोंडी परीक्षा ठरली. ती खुली असते, कुणीही जाऊन बसावं, प्रश्न विचारावा. त्यांनी आग्रहानं बोलावलं. मी पहाटेच्या बॅचला सुट्टी दिली. आदल्या दिवशी दुपारी मी वही माळ्यावरून काढली आणि वाचून परत ठेवली. कशासाठी, ते मी स्वतःला सांगितलं नाही. त्यांना आकडा विचारला जाईल, त्यांच्याकडे नसेल आणि मी समोर बसलेलो असेन, एवढं मात्र मनात होतं.

झालंही तसंच. परीक्षक बाहेरच्या विद्यापीठातून आलेल्या एक वयस्क बाई होत्या. सरांनी टँकरचं प्रकरण सांगितलं. बाई म्हणाल्या, “सुंदर आहे. पण वेळ बदलल्यामुळे मुलं वाढली असं तुम्ही म्हणता, त्याला पुरावा काय? या आठवणी आहेत. माणसं चांगली आठवण मोठी करून सांगतात.”

“एक वही होती, मॅडम. पावसात गेली.”

“मग हे प्रकरण परत लिहावं लागेल. किंवा काढावं लागेल.”

मी चार वर्षं ज्याची वाट पाहिली ते हेच. सर शिट्टीची दोरी चाचपावी तसा हात गळ्याशी नेऊन उभे होते. मला बरं वाटायला हवं होतं. पण बाई पुढे म्हणाल्या, “असा आकडा कुणी ठेवलाच नसेल, हेही शक्य आहे,” आणि माझ्यातला दुसरा हेवा जागा झाला. ठेवलाच नसेल? मी रोज, एकही खाडा न करता ठेवला होता.

मी उभा राहिलो. “आधीच्या आठवड्यात रोज अकरा ते चौदा. नंतरच्या आठवड्यात एकोणतीस ते पस्तीस. मुली एकवरून बारावर. सातवी-आठवी रांग शून्यावरून नऊवर.”

बाईंनी चष्मा काढला. “तुम्ही कोण?”

“वही माझी.”

“ती तर भिजली ना? इतकं पाठ कसं?”

खोटं सुचलं असतं तर बोललो असतो. पण आकडा सांगितला की तो कुठून घेतला हेही सांगायचं, ही माझी आयुष्यभराची शिस्त. “काल दुपारी वाचली,” मी म्हणालो.

मागच्या बाकावर कुणीतरी फिस्सकन हसलं. सर माझ्याकडे बघत राहिले, मग टेबलावरच्या पाण्याच्या ग्लासकडे.

“वेळ नेमकी कोणत्या दिवशी बदलली, याची नोंद आहे?” बाईंनी विचारलं.

“आहे. लाल शाईत.” आणि मला तो शेरा त्या सभागृहात तोंडानं म्हणून दाखवावा लागला. मनमानी हा शब्दसुद्धा.

बाईंनी ते लिहून घेतलं. म्हणाल्या, याहून चांगला पुरावा नाही, कारण लिहिणारा विरोधात होता. पदवीची शिफारस झाली, वहीचा तक्ता जोडायच्या अटीवर. पेढे वाटले. सर माझ्यापाशी आले, पेढा हातावर ठेवला आणि म्हणाले, “रविवारी येतो घरी. पेटी काढून ठेवा.” लातूरच्या गाडीत ते पुढे बसले, मी मागे.

रविवारी ते आले, मग पुढचे दोन रविवारही. समोरच्या खोलीत बसून त्यांनी वही उतरवून काढली. बायको त्यांना “भाऊजी, अजून घ्या” म्हणून पोहे वाढायची, मला विचारायची नाही. लाल शेऱ्याचं पान आलं तेव्हा त्यांनी तो सहीसकट उतरवला. त्यांनी बेरजा करायच्या आणि मी तपासायच्या, असं आपोआप ठरलं.

तिसऱ्या रविवारी मला चूक सापडली. एका पानावर मुली बारा होत्या, त्यांनी दहा धरल्या होत्या. मला झालेला आनंद मी लपवणार नाही. मी बोललो नसतो तर ती चूक तशीच छापली गेली असती, आणि ती आहे हे जगात एकट्या मला माहीत राहिलं असतं. चहा संपेपर्यंत मी गप्प बसलो. कपाच्या तळाला साखर राहिली होती, तीही बोटानं खाल्ली.

“सर,” मी म्हणालो, “तिसऱ्या ओळीत दोन मुली कमी आल्यात.”

त्यांनी बघितलं. खोडलं. बारा केले. “हाव की. बरं झालं तुम्ही बसलाव,” ते म्हणाले, आणि पुढचं पान उलटलं. किती सहज म्हणाले. मला तसं कुणाला म्हणता आलं नसतं, आणि पेन्सिल हातात धरून, पुढच्या बेरजेची वाट बघत, मी त्याचाही हेवा करत बसलो.