टँगनींचा चौथा खांदा

आमच्या गावात मेलेल्याला त्याच्याच आडनावाचे चौघे खांदा देतात. शेजारी रडायला चालतो, खड्डा खणायला चालतो, खांद्याला नाही. एके काळी या डोंगरात दगड भिरकावला तर तो टँगनी आडनावाच्या माणसालाच लागायचा. आता चौघेच उरले होते: मॉर्टी, त्याचा थोरला भाऊ कॉन आणि पलीकडच्या खोऱ्यातले दोन चुलतभाऊ. त्यातला कॉन अंथरुणाला खिळला. म्हणजे उचलायला तिघेच.

मॉर्टी जन्मभर मेंढ्यांमागे फिरलेला, बिनलग्नाचा, कुणाकडे चिमूटभर मीठ न मागणारा गडी. भावासाठी मात्र त्याने माझ्या दुकानातून डोंगर सोडून दूर पांगलेल्या टँगनींना फोन लावले. कुणी दाद दिली नाही. काउंटरला धरून तो उभा राहायचा, तेव्हा माझा जीव तुटायचा.

अशात अमेरिकेहून ड्वेन टँगनी उगवला, पणजोबांचं घर शोधत. मॉर्टीला आभाळ ठेंगणं झालं. त्याने पाहुण्याला पडक्या भिंती दाखवल्या, थडगी दाखवली, मटण-बटाटे खाऊ घातले. पण ड्वेन शुक्रवारी परतणार होता. थांब म्हणावं तर कशासाठी, ते सांगावं लागणार, आणि ते मॉर्टीच्या जिभेवर येईना. शेवटी मीच सांगितलं. ड्वेन म्हणाला, शुक्रवारपर्यंत झालं तर आनंदाने खांदा देईन. आनंदाने म्हणे. माणसाने बोलताना जरा तारतम्य ठेवावं.

हे कॉनच्या कानावर गेलं. दुसऱ्या दिवशी त्याने सूप परत पाठवलं, मग पाणीही. मॉर्टीला वाटलं, आजार बळावला. मी चमचा घेऊन बसले, तर कॉन हळूच म्हणाला, "नको, ब्रीडा. पाहुणा जायच्या आत उरकलं पाहिजे."

मी ते मॉर्टीला सांगितलं. तो पांढराफटक पडला. तसाच ड्वेनच्या खोलीवर गेला, त्याची बॅग स्वतः गाडीत टाकली आणि म्हणाला, "जा बाबा, आजच जा." बिचारा ड्वेन काही न कळता, दुखावून निघून गेला.

मॉर्टी वाडगा घेऊन खाटेशी बसला. "गेला तो. आता खा."

कॉनने तोंड भिंतीकडे फिरवलं. "मग मला उचलणार कोण रे?"

"कुणी नाही. म्हणून मरायचं नाही. तोंड उघड."

कॉनने उघडलं नाही. मॉर्टी चमचा पुढे धरून बसून राहिला.