दोन्हीकडे चालणारं नाव

इकडे परदेशात, आमच्या न्यू लिन उपनगरातल्या कबाबवाल्या तुर्काची बायको इथलीच, गोरी. बाळ होणार होतं. दोन्ही भाषांत चालेल असं नाव शोधून तो दमला होता. ऑर्डर झाली की सुचलेलं नाव मोठ्यानं हाकारून बघायचा. ‘डेनिझ!’ म्हटलं, तर रांगेतल्या डेनीसबाई पुढे आल्या.

शेवटी मुलगा झाला, तेव्हा त्यानं वारलेल्या वडिलांचं नाव ठेवलं. म्हणायचं ‘जान’, पण तुर्कीत लिहितात सी-ए-एन.

"इथे सगळे ‘कॅन’ वाचणार. म्हणजे डबा!" मी म्हटलं.

"वाचू देत, ब्रो. दरवेळी सुधारताना बाबांचं नाव तोंडी येईल."

माझ्या मुलाला माझ्या वडिलांचं, दत्तात्रय, ठेव म्हणून आई विनवत होती. मी नील ठेवलं. दोन्हीकडे चालतं. आजवर कुणी चुकलं नाही, अन् कुणी काही विचारलंही नाही.