वाटीएवढं वळण

रविवार, पाच तारीख, बदनापूरचं घर. हजर: मी, सासूबाई, मुलगी आणि वायरमन.

मुलगी घरून ऑनलाइन शिकवणी घेते. पाण्याची मोटर लावली की तिचा आवाज तुटायचा. दोन मुलं शिकवणी सोडून गेली होती.

वायरमनने भिंतीतला पाइप उघडला आणि हसला. "ताई, मोटरची अन् नेटची वायर एकाच पाइपात? सासू-सून एका चुलीवर बसवल्यावानी झालं."

ती हुशारी माझीच होती. सासूबाई म्हणाल्या, "आमची चूल एकच हाये बाबा, बराबर चालून राह्यली."

"तुमच्यात करंट न्हाई, आजी."

"तुला काय ठावं?"

मग त्याने वाटी मागितली. मी चिवडा भरून दिली. त्याने तो शांतपणे खाल्ला, वाटी रुमालाने पुसली, भिंतीच्या कोपऱ्यावर धरली आणि कडेने पेन्सिलीने वळण आखलं. "नेटची वायर काटकोनात मोडली का आतून चेपती." भिंतीत खाच पाडून नेटचा नवा पाइप त्याने तसाच गोल वळवला, मोटरच्या पाइपापासून हातभर लांब.

जाताना म्हणाला, "आठ दिवस मोटर चालवून बघा, मंगच खाच बुजवा. माझं चुकलं असलं तर भिंत पुन्हा फोडायला नको."

आपलंही चुकू शकतं असं धरून चालणारा कारागीर मला पहिलाच भेटला.

महिना झाला, शिकवणी एकदाही तुटली नाही. माझ्या कामांच्या यादीत 'खाच बुजवणे' मात्र बाकी आहे. सासूबाई गवंड्याला हात लावू देत नाहीत. आल्यागेल्याला त्यांना ते वाटीएवढं वळण दाखवायचं असतं.